तिसऱ्यांदा विचारताना

वॉर्ड नंबर सहा, रात्रपाळी.
ट्रेमध्ये भरून ठेवलेली सिरिंज, शेजारी कापसाचा बोळा,
आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून
कमळाक्षी ढवळी, वडगाव, कांड्या भरणारी.

भावाची सही झाली आहे.
कन्नड फॉर्मवर मराठीत,
मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून केलेली.
"तिला काय विचारतायसा सिस्टर," तो म्हणाला,
"डोकं ठिकाणावर असतं तर
हितं आणली असती काय?"

मी खानापूरची. शिकत होते तेव्हा
मेट्रन फिलोमिनाबाई दाखवायच्या:
दोघींनी खांदे धरायचे, तिसरीने पाय,
चौथीने सुई, आणि तोंडाने म्हणत राहायचं
झालं, झालं.
मी चौथी असायचे.
पुष्कळदा म्हटलंय मी झालं झालं.
झालेलं नसायचं.

आता कायदा आहे.
भिंतीवर लावलाय, दोन भाषांत.
तिसरी तिची, म्हणून मी वाचून दाखवते,
माझ्या तोंडात येईल तशी:
ओप्पिगे म्हणजे राजीखुशी,
म्हणजे तू व्हय म्हणणं,
न्हाई म्हणायची सोय असताना
व्हय म्हणणं.

मागच्या श्रावणात बरी होऊन जाताना
तिनं पगाराच्या वहीचं पान आणून दिलं होतं.
एका अंगाला कांड्यांचा हिशेब,
दुसऱ्या अंगाला:

परत माझं बिघडलं तर बांधू नये.
केस कापू नयेत, उवा झाल्या तरी. फणी आणावी.
सुई कसली ते आधी सांगावं.
माझ्या वतीनं भावानं बोलू नये,
मुमताज नदाफनं बोलावं. ती शेजारच्या मागावर असते,
एवढ्या आवाजातसुद्धा तिला माझं कळतं.
मी न्हाई म्हटलं तर तीनदा विचारावं.
मधी चहा द्यावा.

डॉक्टर कौजलगींनी दोनदा वाचलं,
चहाच्या ओळीखाली पेनानं रेघ ओढली,
आणि शिक्का मारला.
साक्षीदाराच्या जागी माझं नाव आहे.

आज तेच पान तिच्यासमोर धरलं.
तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.
"कुणी लिवलंय ह्ये?"
तू.
"ती न्हवं मी."

याचं उत्तर कलमात नाही. मी शोधलं.
पुस्तक कपाटात असतं, किल्ली माझ्या कमरेला.
श्रावणातली ती बाहेर उभी आहे, हातात कागद घेऊन,
आणि ही आतून कडी लावून बसलेली.
दोघींतली पेशंट कुठली?
मी कुणाची नर्स?

एकदा विचारलं. न्हाई.
चहा दिला. अर्धा प्याली, अर्धा फरशीवर ओतला,
त्यात बोटानं उभे धागे काढत राहिली.
दुसऱ्यांदा विचारलं.
"माग कुणी बंद केला?"
इथं माग नाही, कमळाक्षी.
"म्हणून तर."

एकच्या सुमाराला मुमताज आली, रिक्षानं,
केसांत सुताची तुसं तशीच.
भाऊ बाकावरून उठला, पुन्हा बसला.
तिनं समजूत घातली नाही, हात धरला नाही.
खाटेच्या लोखंडावर नखांनी
खटक्-खट, खटक्-खट धरलं,
हळू, रात्रपाळीच्या मागासारखं.
कमळाक्षीचं तोंड भिंतीपासून वळलं.
थोडंच.

सिरिंजमधलं औषध मी बेसिनमध्ये सोडलं.
लागलं तर नवं भरीन,
तिच्या डोळ्यांपुढं भरीन, नाव सांगून.

रजिस्टरात दोनच रकाने: दिलं, नाकारलं.
मधल्या रेघेवरच लिहिलं, बारीक अक्षरात:
१.४०. तिसऱ्यांदा विचारलं आहे.
चहा ठेवला आहे.